दुपारी चार ते पाच: आयोवातल्या एका दूरचित्रवाणी केंद्रातून

अमेरिकेत दिवसा चालणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमांविषयी जे काही लिहिले जाते, ते बहुधा सूत्रसंचालकांविषयी असते. मी त्या व्यवसायाच्या अगदी दुसऱ्या टोकाला होते. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन लग्नानंतर आयोवा राज्यात आले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिथल्या एका मध्यम आकाराच्या शहरातल्या दूरचित्रवाणी केंद्रात, मास्टर कंट्रोल विभागात नोकरीला लागले. शिकागोत तयार होणारा 'द ओप्रा विन्फ्री शो' रोज उपग्रहावरून उतरवून घ्यायचा, तपासायचा, त्याच्या मधल्या जागांत आमच्या गावच्या जाहिराती बसवायच्या आणि दुपारी चारच्या ठोक्याला प्रक्षेपित करायचा, हे माझे काम होते.

हा कार्यक्रम कोणत्याही राष्ट्रीय नेटवर्कचा नाही, ही गोष्ट मुंबई दूरदर्शन पाहत वाढलेल्या मला सुरुवातीला पचनी पडली नाही. 'आमची माती आमची माणसं' एका केंद्रावरून सुटायचा आणि सगळ्यांना एकाच वेळी दिसायचा, एवढीच माझी समजूत. इथे नेटवर्ककडून केंद्राला सकाळचे काही तास आणि रात्रीचे मुख्य कार्यक्रम मिळत; दुपार कलल्यानंतरचा बराचसा वेळ मात्र केंद्राने आपला आपण भरायचा असे. त्या वेळेसाठी किंग वर्ल्डसारख्या वितरक कंपन्या आपला माल शहरागणिक विकत. एका शहरात एकाच केंद्राला हक्क, करार काही वर्षांचा, आणि पैसे दर आठवड्याच्या हिशेबाने. आपल्याकडे नाटकाचा निर्माता गावोगावच्या ठेकेदाराला प्रयोग विकतो आणि मग नाट्यगृह भरण्याची काळजी ठेकेदाराची असते, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथला निर्माता प्रयोग विकूनही मध्यंतरातला काही वेळ स्वतःकडे राखून ठेवी. त्या राखीव मिनिटांत देशभरच्या साबणांच्या आणि औषधांच्या जाहिराती आधीच भरलेल्या येत. उरलेली मिनिटे आमची, म्हणजे गावातल्या मोटारविक्रेत्याची, फर्निचरवाल्याची आणि पशुखाद्याच्या दुकानाची.

वेळही ज्या त्या केंद्राची. शिकागोत हा कार्यक्रम सकाळी नऊला दिसे, आमच्याकडे दुपारी चारला. शिकागोतली माझी मैत्रीण सकाळीच तो पाहून मला फोनवर सगळे सांगून टाकी. मी तो तिच्याच वेळेला, उपग्रहावरून येणाऱ्या चित्रप्रवाहावर, म्हणजे फीडवर, हातात पेन घेऊन पाहत असे, हे मी तिला बरेच दिवस सांगितले नव्हते. तिचा रंगून सांगण्याचा आनंद कशाला घालवायचा?

फीड सुरू होण्याआधी पडद्यावर रंगपट्ट्या येत, एक सलग शिट्टीसारखा सूर वाजे, मग भागाचा क्रमांक आणि तारीख दाखवणारी पाटी आणि उलटी मोजणी. तेवढ्या वेळात आवाजाची पातळी आणि रंग जुळवून घ्यायचे. टेप फिरू लागली की कार्यक्रमाचा प्रत्येक तुकडा कोणत्या सेकंदाला सुरू होतो आणि कोणत्या सेकंदाला संपतो याची नोंद करायची. कर्णबधिर प्रेक्षकांसाठीच्या मथळ्यांच्या ओळी नीट उतरल्या आहेत का ते पाहायचे. आणि मग जाहिरात विभागाकडून आलेल्या तक्त्याशी सगळी बेरीज जुळवायची. पाचला आमच्या बातम्या सुरू होत. निवेदिका कॅमेऱ्यासमोर तयार बसलेली असताना ओप्रांचा निरोप दहा सेकंद लांबला तर चालणार नव्हते, आणि दहा सेकंद आधी संपून काळा पडदा दिसला तर त्याहून नाही. हिवाळ्यात तबकडीत बर्फ साचून चित्रावर ठिपके उडू लागले की आमच्यापैकी कोणीतरी लांब दांड्याचा झाडू घेऊन बाहेर पळे. सकाळचे फीड चुकले तर दुपारी ते पुन्हा मिळे, पण मार्चच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरात काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येऊन उभा राहतो आणि नेमका दुपारीच काही मिनिटे सगळा संदेश गिळून टाकतो. त्या दिवसांत सकाळी कोणी डोळ्यांवरची झोप घेऊन आलेले चालत नसे.

स्टुडिओत सामान्य माणसे बसवून त्यांनाच बोलते करण्याची ही पद्धत फिल डोनाह्यू यांनी रूढ केली. 1967 मध्ये ओहायोतल्या डेटन शहरात त्यांचा कार्यक्रम सुरू झाला तो एका बंद झालेल्या करमणुकीच्या कार्यक्रमाच्या जागी, आणि त्या जुन्या कार्यक्रमाची तिकिटे आधीच लोकांच्या हातात होती. आलेल्यांना परत कसे पाठवायचे म्हणून त्यांना बसवून घेतले. जाहिरातींच्या वेळात हे लोक पाहुण्यांना जे प्रश्न विचारत ते आपल्या प्रश्नांपेक्षा चांगले आहेत असे डोनाह्यूंच्या ध्यानात आले आणि ते ध्वनिक्षेपक घेऊन थेट त्यांच्यात शिरले. पुढे त्यांचा कार्यक्रम शिकागोला आला. त्याच शहरात 1984 च्या जानेवारीत ओप्रा विन्फ्री एका रखडलेल्या स्थानिक कार्यक्रमाच्या सूत्रसंचालक झाल्या, महिन्याभरात त्यांनी डोनाह्यूंना मागे टाकले, आणि 8 सप्टेंबर 1986 पासून त्यांचा कार्यक्रम देशभर विकला जाऊ लागला. मी नोकरीला लागले तोवर तो आमच्या केंद्राचा कणा झाला होता.

तो आमच्या लोकांच्या किती आत शिरला आहे हे मला कळले ते 1996 च्या एप्रिलमध्ये. कार्यक्रमाच्या एका भागात गाईंच्या मेंदूला होणाऱ्या रोगाची चर्चा होती आणि गुरांनाच गुरांच्या अवशेषांचे खाद्य घातले जाते हे ऐकून ओप्रांनी, आता आपल्याला बर्गर खाववणार नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. आमचे राज्य मका, डुकरे आणि गुरे यांच्यावर जगणारे. सकाळी फीड पाहतानाच मी वरिष्ठांना हाक मारली, कारण नेमक्या त्या तुकड्यानंतर तक्त्यात पशुखाद्याची जाहिरात लागली होती. ती हलवून तिथे गालिच्यांची लावली. चारच्या पुढे मात्र फोन थांबेनात. गुरांचे भाव पडल्याचे पुढच्या दिवसांत सगळीकडे छापून आले. फोन करणारा शेतकरी शिकागोला फोन करत नव्हता. त्याच्या लेखी हे बोलणे आमच्या केंद्राने केले होते, कारण त्याच्या घरात ते आमच्या क्रमांकाच्या वाहिनीवर आले होते. एका गृहस्थांनी फार शांतपणे विचारले, की तुमच्यातले कोणी कधी गोठ्यात गेले आहे का. आमच्या स्वागतकक्षातल्या बाई स्वतः शेतकरी घरातल्या; त्या म्हणाल्या, आज सकाळीच शेण काढून आले आहे, आणि मग दोघांचे पावसापाण्यावर बोलणे सुरू झाले.

टेक्ससमधल्या पशुपालकांनी या उद्गारांवरून खटला भरला आणि 1998 च्या सुरुवातीला तो अमारिलो शहरात चालला. खटला लांबणार म्हणून ओप्रांनी कार्यक्रमच तिथल्या एका नाट्यगृहात हलवला, त्यामुळे काही आठवडे आमच्याकडे येणारे फीड अमारिलोत चित्रित झालेले असे. फेब्रुवारीच्या शेवटी ज्यूरीने ओप्रांच्या बाजूने निकाल दिला. त्या खटल्यासाठी सल्लागार म्हणून नेमलेले फिल मॅकग्रॉ आधी त्यांच्याच कार्यक्रमात दिसू लागले आणि 2002 मध्ये त्यांचा स्वतंत्र कार्यक्रम बाजारात आला. खटल्यातूनही विक्रीयोग्य कार्यक्रम काढणारा हा धंदा आहे, आणि हे मी नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही.

प्रत्यक्ष चित्रीकरणाला मी गेले ते त्यानंतर काही वर्षांनी, आणि तेही केंद्राच्या ओळखीने नव्हे. तिकिटे फुकट असत, पण फोनवर मिळत, आणि तो फोन सतत व्यग्र लागे. शिकागोतल्या त्याच मैत्रिणीने कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत चिकाटीने फोन लावून चार जागा मिळवल्या. सूचना स्पष्ट होत्या: अठरा वर्षे पूर्ण हवीत, छायाचित्र असलेले ओळखपत्र हवे, कपडे उजळ रंगाचे हवेत. मैत्रिणीने इरकल नेसायचे ठरवले होते. मी तिला म्हटले, "अगं, ती बारीक चौकडी कॅमेऱ्यावर नाचेल. टीव्हीवर तुझ्या अंगावरून पाणी वाहतंय असं दिसेल." तिला ते पटेना. शेवटी तिच्या सासूबाईंनी निकाल दिला, "ती रोज तेच बघते ना, मग ऐक तिचं," आणि मैत्रीण पिवळ्या रंगाच्या साध्या रेशमी साडीत आली.

ओप्रांचा हार्पो स्टुडिओ शिकागोच्या पश्चिम भागात वॉशिंग्टन रस्त्यावर होता. ती इमारत मूळची लष्करी दलाची; 1915 मध्ये शिकागो नदीत 'ईस्टलंड' ही बोट उलटून आठशेच्या वर माणसे बुडाली, तेव्हा मृतदेह तिथे ठेवले होते. हे मला रांगेत उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंनी सांगितले, आणि त्यानंतर लगेच आपल्या आवडत्या लिपस्टिकबद्दल. आत जाताना सामानाची तपासणी झाली. फोन आणि कॅमेरे जमा करावे लागले, कोट जमा झाले, संमतीपत्रावर सह्या झाल्या आणि मग आम्हाला एका मोठ्या खोलीत बसवले. तिथे बराच वेळ गेला. कार्यक्रमाची माणसे हातात यादी घेऊन आमच्यातून फिरत होती, विषय घरखर्च आणि कर्ज असा होता, आणि ती सहज गप्पा मारल्यासारखे विचारत: तुमचे क्रेडिट कार्डाचे काय, नवऱ्यापासून एखादी खरेदी लपवली आहे का? गप्पा नव्हत्याच त्या. बोलू शकणारी माणसे निवडणे चालले होते. ज्या बाई मोकळेपणाने रडवेल्या झाल्या त्यांचे नाव टिपले गेले, आणि नंतर त्या मला बाजूच्या वाटेलगतच्या खुर्चीवर दिसल्या, म्हणजे ध्वनिक्षेपक तिथवर सहज पोहोचावा. माझ्या मैत्रिणीची पिवळी साडी तिसऱ्या रांगेत गेली आणि माझा करडा कोट मागे. हे मला मुळीच लागले नाही. मीही तेच केले असते.

स्टुडिओ टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा बराच लहान होता. तीनशेच्या आसपास खुर्च्या, वर दिव्यांचे जंगल, आणि दिव्यांच्या उष्णतेवर मात करण्यासाठी सोडलेली गारेगार हवा. ओप्रा येण्याआधी एक बाई येऊन आमची तालीम घेऊ लागल्या. टाळ्या छातीच्या उंचीवर वाजवा, मांडीवर नको. हसू आले तर तोंडावर हात ठेवू नका. मान डोलवा, भुवया उंचवा, शेजाऱ्याकडे पाहा. त्या स्वतः नाचल्या, आम्हाला नाचवले, आणि पाऊण तासापूर्वी एकमेकींना न ओळखणाऱ्या तीनशे बायका (पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके) एखाद्या मंगळागौरीच्या रात्रीइतक्या तापल्या. तिथे मला एक गोष्ट लख्ख दिसली. आम्ही घरी बसून हा कार्यक्रम पाहताना स्टुडिओतल्या लोकांना आपल्यासारखेच प्रेक्षक समजतो. प्रत्यक्षात ते त्या दिवसापुरते बिनपगारी कामगार असतात आणि त्यांचे चेहरे हा त्या कार्यक्रमाचा निम्मा ऐवज असतो. सूत्रसंचालकाने विचारलेल्या प्रश्नावर घरातल्या बाईने काय वाटून घ्यायचे, हे तिसऱ्या रांगेतला चेहरा आधी ठरवून देतो.

ओप्रा आल्या तेव्हाचा आवाज मला वर्णन करता येणार नाही, आणि त्यात मीही ओरडत होते. चित्रीकरण जवळजवळ सलग झाले. जिथे जाहिराती यायच्या तिथे खरोखरच थांबत, रंगभूषाकार धावत येई, निर्माती कानाशी लागे, आणि ओप्रा उंच टाचांचे बूट काढून पाय मोकळे करीत. या थांब्यांत त्या आमच्याशी जे बोलत ते मला कार्यक्रमापेक्षा रंजक वाटले: अधिक तिरकस, अधिक घरगुती. लाल दिवा लागला की आवाज खाली उतरे आणि थोडा संथ होई. समोरच्या जोडप्यातला नवरा कर्जाचा आकडा सांगताना अडखळला, तेव्हा त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही, नुसत्या थांबल्या. त्या शांततेत तो आपणहून बोलला. ही शांतता किती सेकंदांची होती हे सवयीने मी मनात मोजले, आणि आमच्या बातम्यांच्या निवेदिकेला इतका वेळ गप्प बसू दिले असते का, असा विचार करत राहिले.

काही आठवड्यांनी तो भाग फीडवर आला. पाटीवरचे शीर्षक पाहून मी आवाज वाढवला. जे आम्ही तासाहून अधिक वेळ पाहिले होते ते चाळीस-बेचाळीस मिनिटांत बसले होते, आणि खरे सांगायचे तर ते बसवणे फार कौशल्याचे होते. अडखळणे राहिले होते, रेंगाळणे गेले होते. थांब्यांतली गंमत अर्थातच कुठे नव्हती. माझी मैत्रीण दोनच सेकंद दिसली, पिवळी साडी, मान हळूच डोलावताना. साडी नाचली नाही. तिला फोन केला तर ती म्हणाली, "अगो, पण मी कशाला मान डोलावली होती? त्या बाई बोलत होत्या तेव्हा मी तर पदर सावरत होते." तुझी मान चांगली डोलते एवढे नक्की, असे मी तिला सांगितले. पुण्याच्या माझ्या मावशीने तो भाग पुढे कधीतरी केबलवर, स्टारच्या वाहिनीवर पाहिला. तिने साडीचे कौतुक केले आणि मग गंभीरपणे विचारले, की एवढे घरातले कर्जबिर्ज चारचौघांत सांगायला या लोकांना पैसे देतात का? आयोवातल्या फोन करणाऱ्यांपैकी कोणालाही हा प्रश्न पडला नव्हता. त्यांना त्या भागात आलेल्या सल्लागाराने सांगितलेला खर्चाचा तक्ता कुठे मिळेल एवढेच हवे होते.

आमच्याकडे येणारे बहुतेक फोन असेच असत. 1996 च्या शरदात ओप्रांचा प्रेक्षकांना वाचायला पुस्तक सुचवण्याचा उपक्रम सुरू झाल्यापासून तर स्वागतकक्षातल्या बाई त्या त्या पुस्तकाचे नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवून ठेवीत, कारण गावच्या ग्रंथालयाला विचारण्याआधी लोक आम्हाला विचारत. रागाचे फोन येत ते मे-जूनमध्ये, टॉर्नेडो या भोवऱ्यासारख्या वादळाचा इशारा आला की. माणुसकीने इशारा दाखवणे भाग होते. हवामानतज्ज्ञ नकाशासमोर उभा राही आणि ओप्रा ऐन रंगात असताना अदृश्य होत. ज्या तालुक्यांवर वादळ नव्हते तिथून फोन येत. तुम्ही सुखरूप आहात का असे आम्ही विचारले की पलीकडून उत्तर येई, आहोत, पण त्या बाईचा नवरा परत आला का ते सांगा. रात्री एक वाजता तो भाग पुन्हा दाखवण्याची सोय आम्ही याच लोकांसाठी केली होती.

या लोकांची मोजणी तेव्हा कशी होई, हे ऐकून आपल्याकडचे लोक चकित होतात. मोठ्या शहरांत नील्सन कंपनीची यंत्रे असत. आमच्यासारख्या लहान बाजारपेठेत मात्र निवडक घरांना टपालाने एक वही येई, सोबत एखादी कोरी डॉलरची नोट, आणि आठवडाभर कोणी काय पाहिले ते त्यात हाताने लिहून पाठवायचे. नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि जुलै हे त्या वह्यांचे महिने. त्याच महिन्यांत सगळे कार्यक्रम आपले सर्वांत ठेवणीतले भाग काढत, यात नवल नाही. टीव्हीत काम करणाऱ्यांच्या घरी ही वही ठेवत नसत, त्यामुळे मी ती कधी हातात घेतली नाही. पण त्या वह्यांतल्या चारच्या रकान्यावर आमच्या पाचच्या बातम्यांच्या जाहिरातींचा दर ठरे, कारण वाहिनी न बदलता बसून राहणारा माणूस हाच बातम्यांचा पहिला प्रेक्षक. केंद्राने या कार्यक्रमासाठी मोजलेले पैसे त्या एका तासातल्या जाहिरातींतून सगळे वसूल होत नसत असे आमचे लेखाधिकारी म्हणत. पैसे पाचनंतर निघत.

1998 मध्ये जेरी स्प्रिंगर यांच्या हाणामारीच्या कार्यक्रमाने काही काळ ओप्रांना आकड्यांत मागे टाकले, तेव्हा आमच्या व्यवस्थापकांनी तोही घ्यावा का याचा विचार केला आणि स्थानिक जाहिरातदारांनीच नको म्हटले. खुर्च्या फेकणाऱ्या माणसांनंतर चर्चच्या जेवणावळीची बातमी द्यायची कशी, हा प्रश्न होताच. 2004 च्या सप्टेंबरात ओप्रांनी स्टुडिओतल्या 276 जणांना प्रत्येकी एक मोटार दिली. त्या दिवशी आमचा फोन आनंदाने वाजला, आणि पुढच्या आठवड्यात त्या मोटारींवर हजारो डॉलरचा कर भरावा लागणार असे कळल्यावर कॉफीच्या खोलीत त्यावरून जोरात वाद झाला.

शेवटचा भाग 25 मे 2011 रोजी आला. त्यात पाहुणे नव्हते, भेटवस्तू नव्हत्या. ओप्रा एकट्या उभ्या राहून बोलल्या. तुकडे मोजताना मला सर्वांत सोपा गेलेला भाग तोच. आमचा पेच वेगळा होता: सप्टेंबरापासून चारला काय दाखवायचे? विक्रेते फेऱ्या मारून गेले, नमुन्याच्या फिती ठेवून गेले, आणि प्रत्येकाने आपला कार्यक्रम म्हणजे पुढची ओप्रा असल्याचे सांगितले. आमच्या व्यवस्थापकांनी देशातल्या इतर पुष्कळ केंद्रांसारखाच निर्णय घेतला आणि बाहेरचे काहीही न घेता स्वतःच्या बातम्या चारपासून सुरू केल्या. त्या तासासाठी दोन वार्ताहर आणि एक हवामानतज्ज्ञ नव्याने नेमले, तरी कार्यक्रमाच्या जुन्या किमतीपेक्षा तो खर्च कमीच होता. स्वागतकक्षात पहिले काही आठवडे विचारणा होत राहिली. नोव्हेंबरच्या वह्या आल्या तेव्हा चारचा आकडा अपेक्षेप्रमाणे घसरला होता आणि पाचचा जवळजवळ तसाच राहिला होता; लेखाधिकाऱ्यांनी तो कागद व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवला आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात चारच्या बातम्या कायम झाल्या.